जुन्या लॅपटॉपचें झांकण रंगवावें काय ?

ह्या वर्षीं शाळेंत लॅपटॉप घेऊन येणाऱ्या मुलामुलींपैकीं बऱ्याच जणांच्या यंत्रांच्या झांकणांवर हातानें काढलेलीं चित्रें दिसूं लागलीं आहेत. कोणाच्या झांकणावर समुद्र आहे, कोणाच्या झांकणावर क्रिकेटचा खेळाडू आहे, कोणी नुसत्या रेषांची जाळी विणली आहे. पालकांच्या सभेंत ह्या विषयावर थोडी बोलाचाली झाली. एका पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, यंत्र हें कामासाठीं असतें, नटविण्यासाठीं नव्हे. दुसऱ्यांस वाटलें कीं, उद्यां तें विकावयाचें झाल्यास रंगविलेलें झांकण पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवील. तिसरे म्हणाले, परीक्षा तोंडावर आली असतां हे कुंचले हातांत घेण्याचें प्रयोजन काय ? सभेची वेळ संपली आणि प्रश्न तसाच राहिला. आमचें मत आम्ही येथें मांडतों. यंत्र जुनें असेल आणि आपल्या मालकीचें असेल, तर त्याचें झांकण मुलांनीं अवश्य रंगवावें. मात्र रंगवावयाचें तर नीट रंगवावें. ह्या 'नीट' शब्दाच्या पोटांत पुष्कळ गोष्टी येतात, व त्या सांगण्यांत ह्या लेखाचा बराच भाग जाणार आहे, ह्याबद्दल वाचकांनीं राग मानूं नये.

आमच्या शाळेंतील मुलांच्या हातीं जीं यंत्रें येतात, त्यांतील फारच थोडीं दुकानांतून नवीं कोरीं आलेलीं असतात. थोरल्या भावाचें शिक्षण पुरें झालें म्हणजे त्याचें यंत्र धाकट्याकडे येतें. मामांच्या कचेरीनें नवीं यंत्रें घेतलीं कीं जुनें भाच्याच्या वाट्यास येतें. कांहीं यंत्रें जुन्या बाजारांत घासाघीस करून मिळविलेलीं असतात. २०२० सालच्या मार्च महिन्यांत शाळा बंद पडल्या व धडे पडद्यावर आले, तेव्हांपासून हा ओघ फार वाढला. अशा यंत्रांचें काळीज बहुधा धड असतें. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली, थोडी मेमरी वाढविली, कीं निबंध लिहिण्यास, गणितें सोडविण्यास व पाठ पाहण्यास तीं आणखी चार वर्षें सहज पुरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमींचा आधार थांबविला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारीं अनेक चालतीं-बोलतीं यंत्रें एका दिवसांत टाकाऊ ठरलीं. परंतु त्यांवर लिनक्स चढवून काम घेतां येतें, हें आमच्या वरच्या वर्गांतील मुलें आम्हांहूनही चांगलें जाणतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६.२ कोटि टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, व त्यांपैकीं रीतसर गोळा करून पुन्हां उपयोगांत आणल्याची नोंद शेंकडा २२.३ इतक्याचीच आहे. म्हणजे जुनें यंत्र वापरांत ठेवावें ह्याबद्दल कोणाचें दुमत असण्याचें कारण नाहीं.

मग अडतें कोठें ? आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, तें झांकणापाशीं अडतें. ओरखडे पडलेले असतात, कोपरा झिजलेला असतो, पूर्वीच्या कचेरीची चिठ्ठी अर्धवट निघून तिचा गोंद काळा पडलेला असतो. कांहीं यंत्रांवर रबरासारखा मऊ लेप दिलेला असतो. दमट हवेंत तो लेप कांहीं वर्षांनीं कुजल्यासारखा होऊन चिकट बनतो व बोटांस लागूं लागतो. शेजारच्या बाकावर चकचकीत नवें यंत्र उघडलें म्हणजे ह्या मुलाची मान खालीं जाते. तो आपलें यंत्र भिंतीकडे पाठ करून ठेवतो, गटानें करावयाच्या कामांत तें बाहेर काढीत नाहीं, व घरीं जाऊन 'तें फार मंद चालतें' अशी तक्रार करतो. आईबापांस यंत्रांतील कांहीं कळत नाहीं. मुलाचा उतरलेला चेहरा मात्र कळतो. तीं हप्त्यांवर नवें यंत्र आणतात. ह्या गांवांत दरमहा जे हप्ते भरले जात आहेत, त्यांपैकीं कित्येक यंत्रासाठीं नसून झांकणासाठीं आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्या मुलानें आठ दिवस खपून तेंच झांकण घासलें, पुसलें, रंगविलें, तो तें भिंतीकडे फिरवीत नाहीं. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, व ह्या मताचा सारा आधार तेवढाच आहे.

आतां 'यंत्र नटवूं नये' ह्या आक्षेपाकडे वळूं. हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनीं घरांत जुनें शिवणयंत्र असल्यास त्याकडे एकवार निरखून पाहावें. बिडाचें तें काळेंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, मध्यें ठळक अक्षरांत कारखान्याचें नांव, आणि ह्या सर्वांवर पारदर्शक रोगणाचा हात. शिवणयंत्र हें पहिल्यानें कारखान्यांतून घराच्या बैठकींत शिरूं पाहणारें यंत्र होतें; तें लोखंडाचें धूड दिवाणखान्यांत कोणी ठेवून घ्यावें, म्हणून सिंगरसारख्या कंपन्यांनीं त्यास एकोणिसाव्या शतकांत हा वेष चढविला, व पुढें आपल्या देशांत तयार झालेल्या यंत्रांनींही तोच वेष उचलला. त्या वेलबुट्टीमुळें एक टांकाही कमी पडला नाहीं. उलट घरोघरीं त्या यंत्रावर कशिद्याचें आच्छादन घातलें गेलें, त्यास वेळच्या वेळीं तेल मिळालें, व तीं यंत्रें दोन दोन पिढ्या चाललीं. आणखी एक गोष्ट तेथें पाहण्यासारखी आहे. सुईखालीं जेथें कापड रोज घासतें, तेथील सोनें पार गेलेलें असतें. वरच्या दांडीवर, जेथें रोगण शाबूत आहे, तेथील वेल अजून लखलखते. रंग टिकला तो रंगाच्या गुणानें नव्हे, वरच्या त्या न दिसणाऱ्या पापुद्र्याच्या गुणानें.

ह्या वेलीची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. नववीच्या वर्गांतील एका मुलीकडे जो लॅपटॉप आहे, तो तिच्या बहिणीस टाळेबंदीच्या काळांत एका संस्थेकडून दान म्हणून मिळाला होता. झांकणाच्या मधोमध 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस सप्रेम भेट' अशी वीतभर चिठ्ठी व तिच्याखालीं दात्यांचीं नांवें. बहिणीनें ती चिठ्ठी चार वर्षें वर्तमानपत्राच्या वेष्टनाखालीं दडविली. धाकटीनें सरळ येऊन विचारलें, ही काढून टाकून वर रंगविलें तर चालेल काय ? शिक्षकांच्या खोलींत ह्यावर दोन पक्ष झाले. एका पक्षाचें म्हणणें, देणाऱ्याचें नांव पुसणें म्हणजे कृतघ्नपणा. आमचा पक्ष दुसरा होता. दिलेली वस्तु घेणाऱ्याची झाली. उपकाराची पोंच एकदां मनापासून द्यावयाची असते. ती पाटीसारखी गळ्यांत बांधून चाळीस मुलांच्या वर्गांत रोज बसावयाचें नसतें. जो दाता खरोखर मुलीच्या शिक्षणासाठीं देतो, त्यास ती चिठ्ठी गेल्याचें दुःख होणार नाहीं. आणि ज्यास होईल, त्यानें जाहिरातीस दुसरी जागा पाहावी. मुलीनें संस्थेस आभाराचें पत्र लिहिलें, झांकण कशासाठीं रंगवीत आहे तेंही त्यांत लिहिलें, यंत्राच्या तळाशीं असलेला संस्थेच्या नोंदीचा क्रमांक तसाच राहूं दिला, आणि चिठ्ठी काढली. तिची आई शिवणकाम करते. आईच्या यंत्राच्या दांडीवर पातळ कागद धरून तिनें तेथील वेल गिरवून घेतली व तीच काळ्या रंगावर सोनेरी उतरविली. तें झांकण आज शाळेंतील सर्वांत देखणें आहे, असें आम्हीं म्हटल्यास इतर चित्रकारांनीं रुसूं नये.

मात्र ह्यांत मालकीची रेषा ओलांडूं नये. शाळेचीं यंत्रें, परत करण्याच्या बोलीनें मिळालेलीं यंत्रें, वडिलांच्या कचेरीनें वापरण्यास दिलेलें यंत्र ह्यांस कुंचला लावूं नये. ज्या यंत्राची हमीची मुदत चालू आहे त्यासही लावूं नये. आणि जें यंत्र पुढील वर्षीं विकावयाचेंच आहे, तें खुशाल तसेंच ठेवावें. दुसऱ्या पालकांच्या आक्षेपास आमच्याजवळ एवढेंच उत्तर आहे.

रंगकामांतील कौशल्य चित्र काढतांना लागतें असा मुलांचा समज असतो, व म्हणून तीं पहिल्याच दिवशीं रंगांच्या बाटल्या उघडून बसतात. भिंती रंगविणाऱ्या कोणाही कारागिरास विचारावें; त्याचे निम्मे दिवस खरवडण्यांत आणि घासण्यांत जातात. झांकणाचेंही तसेंच आहे. प्रथम तें कशाचें आहे हें ओळखावें. बहुतेक स्वस्त यंत्रांचें झांकण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट जातीच्या प्लॅस्टिकचें असतें, कांहींचें ॲल्युमिनियमचें, कांहींचें मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें. प्लॅस्टिक असल्यास नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन किंवा रंगाऱ्याचें थिनर त्यास कदापि लावूं नये. एबीएस ॲसिटोनमध्यें विरघळतें. डाग पुसतां पुसतां झांकणाचाच चिखल होतो. चिकट झालेला जुना लेप काढण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेलें फडकें व भरपूर धीर ह्या दोन वस्तु पुरतात. चिठ्ठीचा गोंद खोबरेल तेलानें सुटतो. पण तेलाचा अंश मागें राहिला तर त्यावर कोणताही रंग धरत नाहीं; सबब साबणाच्या पाण्यांत बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावें, व शेवटीं पुन्हां अल्कोहोलनें. यंत्र अर्थातच बंद केलेलें, विजेपासून सोडविलेलें, आणि बॅटरी निघत असल्यास ती काढून ठेवलेली असावी. कांहीं उत्साही मुलें झांकणाचे स्क्रू सोडवून तें वेगळें करूं पाहतात. बिजागरींतून पडद्याच्या केंसासारख्या तारा गेलेल्या असतात. त्या तुटल्या म्हणजे चित्र राहील आणि पडदा जाईल. झांकण जागच्या जागीं ठेवून बाकीचें सर्व यंत्र कागदानें गुंडाळावें, आणि कडा, बिजागरी व हवा बाहेर जाण्याच्या फटी मास्किंग टेपनें झांकाव्या.

गुळगुळीत पृष्ठावर रंगाचा पाय ठरत नाहीं. म्हणून ४०० ते ६०० नंबरचा पॉलिशपेपर किंचित् ओला करून झांकणाची चमक मरेपर्यंत गोल गोल घासावें. येथें जोर उपयोगाचा नाहीं. झांकणाच्या पाठीशीं लागूनच पडदा असतो, व हात जड पडला तर त्यावर कायमचा डाग उमटतो. घासून झाल्यावर भुकटी पुसून अस्तराचा पातळ हात द्यावा; प्लॅस्टिकसाठीं निराळा प्रायमर मिळतो, तोच घ्यावा. जीं मुलें हा हात वगळतात, त्यांच्या झांकणावरील समुद्र पंधरा दिवसांनीं नखानें सोलून निघतो.

चित्राची आकृति पातळ कागदावर काढून, कागदाच्या पाठीस मऊ पेन्सिल फांसून, वरून गिरवावी, म्हणजे ती झांकणावर उमटते. रंग ॲक्रिलिक घ्यावेत. ते पाण्यांत कालवितां येतात, पण एकदां पाणी उडून गेलें कीं त्यांतील राळेसारखे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून एकजीव पापुद्रा बनतो, व मग तो पाण्यानें सुटत नाहीं. जाड थर एकदम चढविण्यापेक्षां दोन पातळ हात केव्हांही चांगले. जाड थर वरून वाळतो व आंत ओला राहून पुढें तडकतो. सोनेरी-चंदेरी रंगांविषयीं एक सूचना. पुष्कळ लॅपटॉपांत वायफायच्या लहरी घेणाऱ्या पट्ट्या झांकणाच्या आंत पडद्याच्या कडेस बसविलेल्या असतात. खऱ्या धातूची भुकटी असलेला रंग त्यांवर पसरला तर लहरींस अडथळा होण्याचा संभव असतो. सोनेरी दिसणारे कित्येक ॲक्रिलिक रंग अभ्रकाचे असतात, त्यांची ही भीति नाहीं; आमच्या त्या मुलीनें तसलाच वापरला आहे.

चित्र कशाचें असावें, ह्यांत आम्ही फारसे पडत नाहीं. तरी पण वारली चित्रांबद्दल बोललें पाहिजे, कारण दहांपैकीं चार झांकणांवर तीच असतात. तांदुळाच्या पिठाचा तो पांढरा चौक वारल्यांच्या घरीं लग्नप्रसंगीं सवाशिणींच्या हातून भिंतीवर उमटत आला आहे, व त्यांत देवीची स्थापना असते; तो शोभेचा नमुना नाहीं. डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं १९७० च्या दशकांत ही कला भिंतीवरून कागदावर आणली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत माणूस कामांत असतो, झाड वाऱ्यांत असतें. आमचीं मुलें छापील कागदावरून त्रिकोणाचीं माणसें मोजून उतरवितात. त्यापेक्षां आपल्या गल्लींतील पाण्याचा टँकर आणि त्यामागची रांग त्याच त्रिकोणांनीं काढली असती, तर आम्हांस अधिक आवडलें असतें.

आणि चित्र कोणत्या बाजूनें सुलट काढावयाचें ? हा प्रश्न मुलांस क्षुल्लक वाटतो, पण ॲपलसारख्या कंपनीसही तो सुटण्यास वेळ लागला. तिच्या १९९० च्या दशकांतील पॉवरबुक यंत्रांवर सफरचंदाचें चिन्ह असें होतें कीं, बंद यंत्र मालकानें आपल्यापुढें ठेवलें असतां तें त्यास सुलट दिसे. पण यंत्र उघडलें कीं समोरच्या लोकांस उलटें दिसे. पुढें कंपनीनें तें फिरविलें. आतां लोकांस सुलट दिसतें व मालकास उलटें. कंपनीचें बरोबर आहे. तिला चिन्ह लोकांस दाखवावयाचें असतें. आमच्या मुलांस काय विकावयाचें आहे ? सकाळीं यंत्र उघडण्यापूर्वीं ज्याच्या नजरेस चित्र पडतें, त्यास तें सुलट दिसावें, असें आम्हीं सुचविलें. वर्गांत ह्यावर मतें घेतलीं, तेव्हां आमच्या बाजूस पांचच हात वर झाले.

आतां रोगणाकडे येऊं. येथेंच बहुतेकांचा उत्साह संपतो. चित्र झालें, मित्रांनीं वाहवा केली, मग त्यावर पुन्हां पारदर्शक हात देत बसणें हें कंटाळवाणें वाटतें. परंतु झांकण हें भिंतीवर टांगावयाचें चित्र नव्हे. तें दिवसांतून दहा वेळां घामेजल्या तळहाताखालीं येतें, दप्तरांत वह्यांशीं व कंपासपेटीशीं घासतें. हाताळल्या जाणाऱ्या चित्रास काय लागतें, हें आपल्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. तेथील गंजिफा पाहाव्या. दशावतारी गंजिफेचीं १२० वाटोळीं पानें. प्रत्येकास चिंचोक्याच्या खळीचें अस्तर, त्यावर हातानें काढलेलें चित्र, आणि शेवटीं लाखेचा लेप. पत्ते पिसले जातात, वाटले जातात, आपटले जातात. तरी मत्स्य आणि कूर्म जागेवर राहतात. ही कला नामशेष होण्याच्या बेतांत होती, ती १९७० च्या दशकांत शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले ह्यांनीं राजवाड्यांत कारागीर बसवून पुन्हां उभी केली. सहलीस कोंकणांत जाणाऱ्या वर्गांनीं तो राजवाडा चुकवूं नये.

तथापि झांकणावर लाख लावावी असें आम्ही म्हणत नाहीं. चपडी लाख स्पिरिटांत विरघळते, व स्पिरिटांतच विरघळवून सुतार तिचें पॉलिश करतात. आज प्रत्येक घरांत हात पुसण्याचें सॅनिटायझर आहे, व तेंही अल्कोहोलचेंच. ओल्या हाताचें एक बोट लागलें कीं लाखेचा लेप तेथें मऊ पडेल. म्हणून ॲक्रिलिकचें किंवा पॉलियुरेथेनचें पारदर्शक रोगण घ्यावें. तें पिचकारीच्या डब्यांत मिळतें. डबा झांकणापासून पंचवीस-तीस सेंटिमीटर दूर धरावा, फवारा झांकणाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा, म्हणजे कांठाशीं थेंब जमत नाहीं. एकाच वेळीं ओथंबेपर्यंत मारण्याऐवजीं तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातामध्यें डब्यावर सांगितलेला वेळ सोडून, द्यावे. हें काम गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यांत, तोंडानाकास मास्क लावून, चुलीपासून व देवघरांतील निरांजनापासून दूर करावें; त्या वाफा पेट घेतात. लहान वर्गांतील मुलांनीं तें वडील माणूस जवळ असल्याखेरीज करूंच नये. ह्या बाबतींत आम्ही पालकांच्याच बाजूचे आहों.

रोगणानें केलेले घात सांगावे तितके थोडे आहेत. मार्कर पेनांनीं काढलेल्या रेषा कित्येकदां पहिल्याच फवाऱ्यांत फुटून पसरतात, कारण त्यांची शाई ज्या द्रावकांत सुटते, तसलेंच द्रावक रोगणांत असतें. तैलरंगावर लॅकर मारलें तर तो सुरकुततो. ह्यास उपाय एकच : आधीं दुसऱ्या कशावर तरी करून पाहावें. मोडलेल्या टीव्हीच्या रिमोटची पाठ ह्या कामास फार चांगली, कारण ती बहुधा झांकणाच्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते. पावसाळ्यांत तर हें काम काढूंच नये. रोगणांतील द्रावक उडून जातांना पृष्ठ थंड पडतें, हवेंतील बाष्प त्यावर जमतें, आणि काळ्या रंगावर दुधाळ झांक येते. जुलै महिन्यांत मुंबईस किंवा रत्नागिरीस ज्यानें हा उद्योग केला, त्याच्या रात्रीच्या आकाशास सकाळचें धुकें लाभतें.

आणि सर्वांत अवघड भाग शेवटीं येतो, तो म्हणजे कांहींच न करणें. बोटास लागत नाहीं म्हणजे रोगण वाळलें, हें खरें. पण वाळणें निराळें व पक्कें होणें निराळें. लोणचें घातल्या दिवशीं खातां येतें, परंतु तें मुरलेलें नसतें. रोगण आंतपर्यंत कठीण होण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत यंत्र उघडून काम करण्यास हरकत नाहीं; मात्र तें दप्तरांत कोंबूं नये, त्यावर वह्या ठेवूं नयेत, त्यास कापडी पिशवींत घालूं नये. घातल्यास पिशवीचें विणकाम झांकणावर छापलें जातें. आठवीच्या एका मुलानें आपलें पूर्ण झालेलें झांकण दुसऱ्याच दिवशीं मित्रांस दाखविण्यासाठीं आणलें व त्यावर भूगोलाच्या पुस्तकाची पाठ कायमची चिकटवून परत नेलें. तें त्यानें तसेंच ठेवलें आहे, व विचारणारास तो 'हा नकाशा आहे' असें सांगतो.

परीक्षेचा आक्षेप राहिला. तो आम्हांस मान्य आहे, आणि वरील हिशेबावरून दिसेल कीं काम सुटींतच बसतें. दिवाळीच्या सुटींत हवा कोरडी असते व रोगणास मुरावयास दिवस मिळतात. मे महिन्याच्या सुटींत दिवस अधिक असले तरी धूळ फार उडते, म्हणून तेव्हां दारें लावतां येतील अशी, पण खिडक्या उघड्या राहतील अशी खोली पाहावी. खर्चाचें म्हणाल तर पॉलिशपेपर, टेप, प्रायमर, तीन-चार रंग व रोगणाचा एक डबा. डबा एका झांकणास लागून पुष्कळ उरतो, सबब तिघांचौघांनीं मिळून घ्यावा. शाळेच्या चित्रकलेच्या खोलींत डाव्या हाताच्या कपाटांत आम्हीं कांहीं पॉलिशपेपर, टेपचीं दोन रिळें व गेल्या वर्षीं उरलेलें रोगण ठेवलें आहे. शनिवारीं अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर खोली एक तास उघडी असते. ज्यांस झांकण आणावयाचें असेल त्यांनीं आधीं रिमोट आणावा व त्यावर हात बसवून दाखवावा. रिमोट मात्र खरोखर मोडलेला आहे ना, हें घरीं विचारून आणावा.